देठ

पान पडलं तेव्हा आवाज आला नाही. येणारच नव्हता, पिंपळाचं पान ते, पण इतके जण त्याची वाट बघत बसले होते की मला उगाच वाटलेलं काहीतरी ऐकू येईल. हवेत दोन-तीन गिरक्या घेऊन ते माझ्यापासून हातभर अंतरावर वाळूत पडलं आणि मी उचललं. विचार केला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही, उचललं आणि मूठ मिटली. मग मान वर केली तर समोर एक म्हातारी, पांढरी साडी, पांढरं ब्लाउज, अर्धवट उठलेली, एक हात पुढे आलेला. तो हात एक क्षण तसाच राहिला. मग तिने तो दुसऱ्या हाताला जोडला, माझ्याकडे बघून हसली, "साधू, साधू" म्हणाली आणि परत खाली बसली.

आठ महिने झाले या गोष्टीला. श्रीलंकेतल्या अनुराधापूरचं बाकी बरंच काही आता पुसट व्हायला लागलंय, कुठला स्तूप आधी बघितला, कुठल्या तळ्यापाशी शहाळं प्यायलो, फोटो बघून आठवावं लागतं. तो हात मात्र भांडी घासताना, बसमध्ये, रात्री लाइट बंद केल्यावर, कधीही समोर येतो.

खरं तर पान मला नको होतं, आईला हवं होतं. श्रीलंकेचं ठरलं तेव्हा ती काही बोलली नाही, बॅग भरायच्या दिवशी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "त्या झाडाचं एक पान आणजो मले. तोडू नको, पडलेलंच आणजो." कुठलं झाड हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नागपुरात आमच्या घरात ते विचारायची गरज नसते. दीक्षाभूमीवर स्तुपासमोर जो बोधिवृक्ष आहे त्याच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायनांनी अनुराधापूरहून आणलेल्या, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. आई दर रविवारी तिथे न्यायची, मी आणि भाऊ त्या झाडाखाली पानं वेचायचो, जाळी पडलेलं मिळालं की पुस्तकात ठेवायचो. बाबांना ते पटायचं नाही. ते रेल्वेत होते, ड्युटीवरून आले की पेपर आणि बाबासाहेबांची पुस्तकं, एवढंच. "पानात काय हाय? बाबासाहेब १९५० साली सिलोनला गेले ते काय पानं वेचायला गेले होते का? तिथले लोक धम्म कसा पाळतात ते बघायला गेले होते," असं ते म्हणायचे आणि आई काही उत्तर न देता पान पुसून पुस्तकात ठेवायची. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. दोघांचंही मला पटतं, तेव्हाही पटायचं.

श्री महाबोधीपाशी, म्हणजे त्या झाडापाशी, जायचं तर आधी चेकिंग होतं, बायकांची वेगळी रांग, बॅग उघडून दाखवायची. मग चपला काढायच्या, टोपी काढायची. आम्ही गेलो ते भर उन्हाचे दिवस, सकाळचे दहा वाजले नव्हते तरी फरशी तव्यासारखी तापलेली. काही फॉरेनर मोजे घालून चालत होते, मला त्यांचं शहाणपण दहा पावलांनी कळलं. पुढे वाळूचं अंगण लागतं. एक माणूस नारळाच्या हिराच्या लांब खराट्याने ते झाडत होता, आपल्या अंगणात सडा घालायच्या आधी झाडतात ना तसं, फक्त इतकं एकसारखं की वाळूवर लाटा उठल्यासारख्या रेघा, आणि त्या रेघांवर पाय ठेवायला जिवावर येत होतं. खोबरेल तेलाच्या दिव्यांचा वास, उदबत्तीचा, आणि त्याच्यावर चाफ्याचा. आपण ज्याला पांढरा चाफा म्हणतो, खुरचाफा, त्याला ते अरलिय म्हणतात. ताटंच्या ताटं भरून तो फुलांच्या कट्ट्यावर रचलेला होता, मध्ये कमळं, पाकळ्या हाताने एकेक दुमडून उघडलेली.

आणि झाड लहान आहे. मला धक्का बसला. तेवीसशे वर्षांचं झाड म्हणजे मी डोळ्यासमोर आपल्या गावाबाहेरचा वड आणला होता, पारंब्यांचं रान झालेला. अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेहून फांदी घेऊन आली, ती या उंच ओट्यावर लावली, आणि माणसाने लावलेल्या ज्या झाडांची लावल्याची नोंद आहे त्यात हे सगळ्यांत जुनं. प्रत्यक्षात वरच्या ओट्यावर सोनेरी कठड्याआड एक सडपातळ फांदी तिरकी बाहेर आलेली, तिला सोनेरी टेकू दिलेले. आजारी माणसाच्या काखेत हात घालून आपण त्याला उभं करतो, अगदी तसे. आजूबाजूला खालच्या ओट्यांवर दुसरे पिंपळ आहेत, चांगले डेरेदार, वाऱ्यावादळापासून आणि जनावरांपासून मूळ झाडाला आडोसा म्हणून लावलेले. लोक खाली बसून वर बघत असतात. काही जण पुटपुटत असतात, काही जण नुसते बसलेले. पानाला हात लावायचा नाही, तोडायचं तर नाहीच. पडलं तर ज्याचं त्याचं नशीब.

मी बसले. शेजारी एक कुटुंब होतं, आजी, सून, दोन मुलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. सगळं अंगणच पांढरं होतं. मला एकदम आमच्या विहारातल्या बायका आठवल्या, पौर्णिमेच्या वंदनेला पांढऱ्या साड्या नेसून येणाऱ्या, आणि आजी आठवली. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात ती होती, कडेवर माझी आत्या होती. पांढरं लुगडं तिच्याकडे नव्हतं, शेजारणीचं मागून नेसली होती, हे ती शेवटपर्यंत सांगायची. दीक्षेचं सांगण्याआधी लुगड्याचं सांगायची. तेवढ्यात त्या कुटुंबातल्या आजीने फुलं ठेवली आणि फुलं वाहायची पाली गाथा म्हणायला सुरुवात केली, "वण्णगन्धगुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं..."

मला पुढची ओळ येत होती.

चाल वेगळी होती. आमच्याकडे जरा ठेक्यात म्हणतात, त्या संथ म्हणत होत्या, शब्द ओढत. पण शब्द तेच. माझ्या तोंडून "पूजयामि मुनिन्दस्स" आपोआप निघालं, त्या सुनेने वळून बघितलं, जरा सरकून मला जागा करून दिली, आणि आम्ही दोघी-तिघी मिळून शेवटपर्यंत गेलो, "पुप्फं मिलायाति यथा इदं मे" पर्यंत, जसं हे फूल कोमेजतं तसं माझं शरीरही. सिंहलीचा एक शब्द मला येत नव्हता, मराठीचा त्यांना येत नव्हता. मला रडू आलं, नवरा लांबून बघत होता, त्याला वाटलं पाय भाजले.

चिनी भिक्खू फाहियान इथे येऊन राहिला होता ना, पाचव्या शतकात, दोन वर्षं, ग्रंथांच्या नकला करत. इथल्याच अभयगिरी विहारातली त्याची एक आठवण आहे. घर सोडून त्याला बरीच वर्षं झालेली, सोबतचे काही मेलेले, काही मागे राहिलेले. एक दिवस बुद्धाच्या मूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा वाहिलेला त्याला दिसला, आपल्या मुलखातला पंखा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुपारी अभयगिरीला गेलो तेव्हा मी तिथल्या झाडांखाली त्याच्याचबद्दल विचार करत होते. तिथे आता विटांचे चौथरे, दगडी खांब, भिक्खूंच्या जेवणघरातली भाताची लांबलचक दगडी डोण. सगळीकडे माकडं. त्याला घरापासून लांब आल्यामुळे रडू आलं, आणि मला घरापासून इतक्या लांब येऊन घरचंच ऐकू आल्यामुळे. दोन्ही एकच का वेगळं, मला अजून नीट सांगता येत नाही.

पण इथवरच सांगून थांबले तर ते अर्धवट होईल.

रुवनवेलिसाय हा तिथला सगळ्यांचा लाडका स्तूप. पांढराशुभ्र, इतका की दुपारी त्याच्याकडे बघवत नाही, भोवतीच्या भिंतीतून खांद्याला खांदा लावून हत्ती बाहेर आलेले. दुट्ठगामणी राजाने इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात बांधायला घेतला. पूर्ण व्हायच्या आधीच तो मरणाला टेकला, तर त्याच्या भावाने अपुऱ्या स्तुपावर पांढरं कापड चढवलं, बांबूचा कळस केला आणि आजारी भावाला दाखवलं, बघ, झाला पूर्ण. ही गोष्ट मला फार आवडते, मरणाऱ्या माणसाला त्याचं काम पूर्ण झालेलं दाखवायला एवढं कापड शिवणारे शिंपी रात्रभर बसले असतील. आमच्या रिक्षावाल्याने, ते थ्री-व्हीलर म्हणतात, ती फार रंगवून सांगितली, त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी.

पण त्याच राजाची दुसरी गोष्ट महावंसात, श्रीलंकेच्या जुन्या पाली बखरीत, आहे आणि ती मी जायच्या आधी वाचून गेले होते. एळार नावाच्या तमिळ राजाला मारून दुट्ठगामणीने राज्य घेतलं. एळार न्यायी होता हे महावंसच सांगतो. मेल्यावर त्याचं स्मारक बांधायला लावलं, तिथून जाताना वाजंत्री बंद करायचा हुकूम काढला, हे चांगलंच केलं. मग लढाईत एवढी माणसं मेली म्हणून राजाला झोप लागेना. तेव्हा आठ अर्हत, म्हणजे मुक्त झालेले भिक्खू, आले आणि त्यांनी त्याची समजूत घातली की बाबा, तुझ्या हातून फक्त दीड माणूस मेला. एकाने त्रिशरण घेतलं होतं, एकाने पंचशील. बाकीचे जनावरांसारखे, त्यांचं काही मोजायचं नाही.

दीड माणूस.

मी त्या पांढऱ्या स्तुपाला उजवी घालून चालत होते, हातात कमळ होतं, ओठावर गाथा होती आणि डोक्यात हे. ज्या आजीला गावातल्या विहिरीवर घागर लावू दिली नव्हती, जिला माणसात मोजलं नव्हतं, ती मोजली जावी म्हणून शेजारणीचं लुगडं नेसून या धम्मात आली. आणि या धम्माच्या नावाने कुणीतरी लिहून ठेवलंय की अमुक माणसं मोजायची नाहीत. मला माहीत आहे की हे बुद्धाने सांगितलेलं नाही, राजाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी लिहिलंय, हजार वर्षांनी की किती, बाबा असते तर त्यांनी मला हे दोन मिनिटांत समजावलं असतं. पण समजणं वेगळं आणि अनवाणी पायांनी त्या फरशीवर चालणं वेगळं. त्या देशात जात भिक्खुसंघातही शिरली. १७५३ साली सयामहून नव्याने उपसंपदा, भिक्खू होण्याची पूर्ण दीक्षा, आली आणि थोड्याच वर्षांत ती फक्त गोविगम जातीला द्यायची असं ठरलं, मग ज्यांना नाकारलं ते १८०० च्या आसपास ब्रह्मदेशात गेले आणि तिथून दीक्षा घेऊन आले, त्यांचा अमरपूर निकाय, वेगळा पंथ, झाला. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं आणि त्या जाणाऱ्यांचं कौतुकही. एक दार बंद झालं तर समुद्र ओलांडून दुसऱ्या दाराशी जायचं, हे आपल्या ओळखीचं आहे.

आणि ते चेकिंग. सकाळी रांगेत मला त्याचा कंटाळा आला होता. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळ लोकांची घरं, दुकानं जाळली, माणसं मारली. १९८५ च्या मे महिन्यात तमिळ वाघ अनुराधापुरात घुसले, आधी बस स्टँडवर आणि मग या बोधिवृक्षापाशी गोळ्या घातल्या, १४६ माणसं गेली. ज्या वाळूवर रेघा काढल्या होत्या त्याच वाळूवर. ती पांढऱ्या साडीतली म्हातारी तेव्हा कुठे होती, तिचं कोण गेलं, किंवा तिच्या लोकांनी कुणाचं काय जाळलं, मला काहीच माहीत नाही. मी फक्त तिचा हात बघितला.

जेतवनाच्या स्तुपापाशी मला जरा मोकळं वाटलं. तो रंगवलेला नाही, नुसती वीट. महासेन राजाच्या वेळचा, तिसऱ्या शतकातला. तेव्हा १२२ मीटर उंच होता, त्या काळी जगात त्याच्याहून उंच फक्त गिझाचे दोन पिरॅमिड, आणि विटा म्हणे नऊ कोटींच्या वर. आता ७१ मीटर उरलाय, कळस अर्धा तुटका. मधली कित्येक शतकं त्याच्यावर जंगल होतं, लोकांना तो डोंगरच वाटायचा. संध्याकाळचं ऊन त्या विटांवर आलं की सगळा ढीग आतून पेटल्यासारखा दिसतो. मी हात लावला, वीट गरम होती, अंगात कणकण असलेल्या माणसाच्या कपाळासारखी, आणि सांध्यातून मुंग्यांची रांग चालली होती. तिथे गर्दी नव्हती. एक बाई एकटीच पायरीवर एक फूल ठेवून निघून गेली. स्तुपाला ते दागब म्हणतात, धातुगर्भ या शब्दावरून, आणि आपल्याकडेही लेण्यांतल्या स्तुपाला जुन्या पुस्तकांत दागोबाच म्हटलेलं असतं. कार्ल्याचा, कान्हेरीचा दागोबा किती वेळा बघितलाय मी. तिकीट काढून. कार्ल्याला बाहेर एकवीरेची रांग, नारळ, हार, पोरांचा कल्ला, आणि आत चैत्यात लोक फोटो काढतात, आवाज घुमतो का बघायला ओरडतात. मला आमच्या दागोबापुढे कधी फूल दिसलं नाही. इथे पडका असला तरी कुणीतरी रोज येतं. हेवा वाटला, खरंच वाटला, आणि दिवसभर जे डोक्यात चाललं होतं ते असूनही वाटला.

रात्री लॉजवर पान काढलं. पर्समध्ये टिश्यूत ठेवलं होतं. हातावर पसरलं तर तळहाताएवढं, पिवळं पडलेलं, शिरांपाशी अजून हिरवट, एका कडेला किड्याने खाल्लेलं बारीक भोक, शेपटीसारखं लांब टोक आणि तेवढाच लांब देठ. पिंपळाचा देठ असा लांब आणि लवचिक असतो म्हणून तर वारा जाणवत नसला तरी त्याची पानं हलत राहतात. मग नवऱ्याने विचारलं, "हे नक्की वरच्या झाडाचं का?" मला माहीत नव्हतं. मी बसले होते तिथे आडोशाच्या पिंपळाची फांदीही डोक्यावर होती. त्या म्हातारीला माहीत असेल. तिथे बसून बसून त्या लोकांना कुठलं पान कुठून येतं ते कळत असणार. झोप आली नाही. पहाटे पाचला त्याला न उठवता मी एकटीच गेले, पान टिश्यूत, ती असली तर तिला देऊन टाकायचं म्हणून. अंधार होता, दिवे लागले होते, वाळू नुकतीच झाडलेली, ओली वाटत होती. ती नव्हती. तिच्या जागी एक तरुण बाई होती, मांडीवर झोपलेलं मूल. मी तिच्या शेजारी तासभर बसले. पान तिला देता आलं असतं. तेही मी दिलं नाही. आईला काय सांगू, असं मनाला सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्या तासात एकही पान पडलं नाही.

आईला मी सगळं सांगितलं नाही. पान दिलं, तिने दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं, वंदनेच्या पुस्तकात ठेवलं. मग म्हणाली, "किती पडले होते?"

"एकच."

"अन् बसले किती होते?"

मी म्हटलं, बरेच. मग ते हाताचंही सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली.

मागच्या आठवड्यात नागपूरला गेले तेव्हा ती विहारात गेली होती. मी सहज ते पुस्तक उघडलं. पान नव्हतं. पानं उलटली, पुस्तक झटकलं, मला घाम फुटला. मग दोन पानांच्या मधल्या घडीत देठ सापडला, नुसता देठ, वर शिरेचा अर्धा इंच तुकडा. ती आल्या आल्या मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर. ती चप्पल काढून, हातपाय धुऊन आली, पदराने तोंड पुसलं आणि खुर्चीत बसली. शेजारच्या मावशींचं ऑपरेशन होतं, त्यांना एक तुकडा दिला. विहारातली एक पोरगी परीक्षेला चालली होती, तिला एक. कुणाची सून बाळंतपणाला आली होती. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या आईने नुसतं बघायला मागितलं होतं, तिलाही दिला. बोटांवर मोजून तिने अकरा नावं सांगितली, कुणाला कुठला तुकडा गेला ते तिला पाठ होतं, भोकाचा तुकडा कुणाला, टोक कुणाला.

"अगं पण ते तुझ्यासाठी आणलं होतं," मी म्हटलं.

"मंग?" ती म्हणाली. "देठ तुले ठेवला ना."